जुन्या गाडीला नवा आवाज



मोटारीत गाणी ऐकणे आज इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही शास्त्र असेल, हे मनातही येत नाही. बटण दाबले की गाणे सुरू! पण गाडी तीस-पस्तीस वर्षांची असेल, तीही उघड्या टपाची, दोनच माणसे बसतील एवढीशी स्पोर्ट्स कार असेल, तर तिच्यात चांगला आवाज आणणे हे बरेच विचाराचे काम होऊन बसते. जागा कमी, वायरिंग जुने, वाऱ्याचा गोंगाट अफाट आणि गाडी अशी की एक भोक चुकीचे पाडले तरी ते पुन्हा बुजवता येत नाही.

हा विषय आम्ही या पानासाठी मुद्दाम निवडला. शाळेच्या पुस्तकांतला ओहमचा नियम, विद्युतधारेचे औष्णिक परिणाम आणि ध्वनीचे प्रकरण अशी तिन्ही प्रकरणे या एका कामात एकत्र भेटतात. शिवाय गाडीत नवी साउंड सिस्टिम बसवून घेण्याची हौस आपल्या शहरातल्या अनेक घरांतही असते. ती हौस बिनधोक पुरी कशी करावी, हे पालकांनाही यातून कळेल. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. वॅट वाढवले म्हणजे आवाज सुधारला असे नव्हे. स्पीकरला नीट जागा देणे, वीज सुरक्षितपणे पोहोचवणे आणि जुन्या वस्तूला कायमची जखम न करणे, ही खरी सुधारणा.

उदाहरणाची गाडी

मोघम बोलण्यापेक्षा एक खरी गाडी डोळ्यांसमोर ठेवू. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार मांडली. अमेरिकेत ती 'मियाटा' या नावाने ओळखली जाते. आसने दोन, कापडी टप मागे दुमडणारा, इंजिन सुरुवातीला १.६ लिटरचे आणि वजन साधारण साडेनऊशे किलो. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. पुढच्या पिढ्या धरून २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसेल. पण अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या लोकांनी जिवापाड जपल्या आहेत.

या गाडीत दारांमध्ये साडेसहा इंची स्पीकर असत आणि काही मॉडेलांत तर डोके टेकण्याच्या उशीतही छोटे स्पीकर बसवलेले असत. उघड्या गाडीत वाऱ्यापुढे दारातला आवाज कानापर्यंत पोहोचणे कठीण, म्हणून आवाजच कानाजवळ नेला. मोठा आवाज करण्याऐवजी आवाज योग्य जागी ठेवावा, ही शहाणपणाची गोष्ट तेव्हाच्या अभियंत्यांना ठाऊक होती. आपल्या पुढच्या सगळ्या चर्चेचे सारही हेच आहे.

एवढ्या वर्षांत काय बिघडते? स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड भुसभुशीत होऊन गळून पडते. कॅसेट प्लेअरमधला रबरी पट्टा सैल पडतो आणि गाणे कधी जलद, कधी मंद वाजू लागते. आतले काही कपॅसिटर निकामी होतात. म्हणजे 'पूर्वी आवाज बरा होता' ही नुसती आठवणीची गोडी नसते. आवाज खरोखरच उतरलेला असतो.

डब्यावरचे पन्नास वॅट

दुकानात गेलात की नव्या स्टिरिओच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले दिसते: '५० वॅट × ४'. हे पन्नास वॅट येतात कुठून? वही-पेन्सिल घ्या.

इंजिन चालू असताना गाडीतील वीज साधारण १४.४ व्होल्टची असते. स्पीकरचा रोध ४ ओहम धरू. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ ने भागले की सुमारे ५२. हेच ते पन्नास वॅट! पण हा हिशोब तेव्हाच खरा, जेव्हा स्पीकरला सतत पूर्ण विभवांतर मिळेल. तसे झाले तर गाणे ऐकू न येता नुसता कर्कश भोंगा ऐकू येईल.

स्वच्छ स्वराची लहर वर-खाली होत असते. तिचे परिणामी विभवांतर काढण्यासाठी कमाल विभवांतराला १.४१ ने भागावे लागते. म्हणजे सुमारे १० व्होल्ट. दहाचा वर्ग शंभर, भागिले चार, पंचवीस वॅट. त्यातून आतली थोडी घट वजा केली की हाती राहतात सुमारे वीस वॅट. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसेच हे. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांतला कमाल आकडा न पाहता 'आरएमएस' या शब्दापुढचा लहान आकडा पाहावा.

वीस वॅट कमी वाटतात का? तसे नाही. आपला कान सरळ बेरजेने ऐकत नाही. शक्ती दुप्पट केली, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि तो फरक कानाला थोडासाच जाणवतो. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट, एकाच शक्तीवर ८७ ऐवजी ९० डेसिबल देणारा अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडला, तर अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याचा लाभ आयताच पदरात पडतो. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर ते आधी स्पीकरवर खर्च करावेत.

दार हेच स्पीकरचे खोके

स्पीकरचा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या बरोबर उलट असते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की परस्परांना खाऊन टाकतात. तबल्यातला डग्गा किंवा ढोलाचा ठोका यांसारखे खर्जातले आवाज याला जास्त बळी पडतात, कारण त्यांच्या लहरी लांब असतात. सेकंदाला ६० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त भरते. अशा लहरीला दाराची कड ओलांडून पलीकडे जाणे अगदी सोपे.

घरातला स्पीकर लाकडी खोक्यात बसवतात तो यासाठीच. गाडीत हे काम दाराला करावे लागते. पण दाराच्या आतल्या पत्र्याला कारखान्यातच मोठमोठी भोके ठेवलेली असतात आणि जुन्या गाडीत त्यांवरचा प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला असतो. ही भोके नीट बंद केली, बाहेरच्या पातळ पत्र्याला आतून ब्युटिल रबराची चिकटपट्टी लावून त्याचा थरथराट थांबवला आणि स्पीकर भक्कम कडीवर बसवला, तर त्याच स्पीकरमधून खर्ज कितीतरी भरदार येतो. मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी बाहेर जाण्याची छिद्रे असतात, ती बुजवू नयेत. नाहीतर आवाज सुधारेल आणि दार गंजेल!

आणखी एक गोष्ट मापून घ्यावी लागते, ती म्हणजे स्पीकरची खोली. काच पूर्ण खाली आणली की ती दाराच्या पोटात स्पीकरच्या अगदी जवळून जाते. स्पीकर दोन बोटे जास्त खोल असेल, तर काच त्यावर आदळते. हे मोजमाप स्पीकर खरेदी करण्यापूर्वीच करायचे असते.

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या धन-ऋण जोडण्या सारख्याच हव्यात. एकाच्या उलट झाल्या, तर एक शंकू पुढे जात असताना दुसरा मागे जातो आणि खर्ज गायब होतो. हे तपासण्याचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. एखादा जुना, कुठेही न जोडलेला स्पीकर घ्या. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलच्या दोन तारा त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर उचलला गेला, तर सेलचे धन टोक जिथे टेकले तेच स्पीकरचे धन टोक. आत गेला तर उलट. शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर करून पाहा.

तार, वितळतार आणि आग

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आवाज बिघडला तर गाणे बेसूर होईल, पण इथे चूक झाली तर गाडी पेटेल.

समजा, चार स्पीकरना प्रत्येकी ५० खरे वॅट देणारा वेगळा अँप्लिफायर बसवला. एकूण २०० वॅट. अँप्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर त्याला २५० वॅट लागतील. १३.८ व्होल्टने भागले की विद्युतधारा येते सुमारे १८ अँपियर. हा पूर्ण आवाजावरचा हिशोब आहे, पण तार निवडताना तोच धरायचा असतो.

ही धारा १ चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या तारेतून ५ मीटर नेली, तर काय होईल? अशा तारेचा रोध सुमारे ०.०८६ ओहम. ओहमच्या नियमाने दीड व्होल्ट वाटेतच हरवतील. ज्यूलच्या नियमाने तारेत सुमारे २८ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या सोल्डरिंग आयर्नची असते जवळजवळ तेवढी, आणि तीही गालिच्याखाली कोंडलेली. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली की रोध दहावा हिस्सा होतो आणि उष्णताही तीन वॅटांच्या आत येते.

पण खरा धोका याहून मोठा आहे. पत्र्याच्या धारेवर घासून त्या बारीक तारेचे आवरण फाटले आणि तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली, तर वाटेत अडवणारे काहीच उरत नाही. बॅटरीचा स्वतःचा अल्पसा रोध धरूनही सव्वाशे अँपियरहून अधिक धारा वाहील. त्या क्षणी तारेत सुमारे चौदाशे वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणजे जणू गालिच्याखाली विजेची शेगडीच पेटवली! हे टाळणारी वस्तू म्हणजे काही रुपयांची वितळतार, आपल्या बोलीतला फ्यूज.

फ्यूजविषयी दोन नियम पाठ करावेत. पहिला, तो बॅटरीच्या जवळ, तारेवर अर्ध्या मीटरच्या आत हवा. अँप्लिफायरच्या टोकाला असलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करू शकत नाही. दुसरा, फ्यूजचा आकडा तारेला झेपेल एवढाच असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा त्याजागी तारेचा तुकडा बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे.

आपल्या उदाहरणाच्या गाडीत एक सोय आहे. तिची बॅटरी इंजिनाशेजारी नसून डिकीत असते. अँप्लिफायर डिकीतच ठेवला, तर जाड तार मीटरभर पुरते. मात्र तिची मूळ बॅटरी बंदिस्त प्रकारची आणि वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या असलेली होती. तिच्याजागी साधी बॅटरी ठेवली, तर चार्ज होताना निघणारा हायड्रोजन डिकीत साठू शकतो. बॅटरी बदलताना ही गोष्ट विसरता कामा नये. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी आणि एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नये.

स्पीकरमधली शिट्टी

नवी सिस्टिम बसवल्यावर अनेकांची एकच तक्रार असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि इंजिनाबरोबर तिचा स्वर चढत जातो. हा अल्टरनेटरचा आवाज. वीज परत जाण्याची वाट, म्हणजे अर्थिंग, दोन ठिकाणी वेगवेगळी आणि कमकुवत असेल, तर अल्टरनेटरच्या विजेतली कंपने गाण्याच्या तारेत शिरतात. उपाय साधे आहेत. अर्थिंगची तार आखूड ठेवावी. जिथे जोडायची तिथला रंग आणि गंज खरवडून स्वच्छ धातूला ती घट्ट आवळावी. विजेची जाड तार गाडीच्या एका बाजूने न्यावी आणि गाण्याच्या बारीक तारा दुसऱ्या बाजूने.

याहून जुन्या गाड्यांत आणखी सावधगिरी लागते. ब्रिटनच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १९६७ पर्यंत बॅटरीचे ऋण टोक नव्हे, तर धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत आजचा स्टिरिओ सरळ जोडला, तर तो क्षणात जळेल. म्हणून हाताशी मल्टिमीटर आणि त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा असल्याशिवाय कामाला हात घालू नये.

मूळ गाडीला कात्री नको

जुने ते सोने, असे आपण म्हणतो खरे. पण त्या सोन्याला भोके पाडायला मात्र मागेपुढे पाहत नाही. मोठा स्पीकर बसावा म्हणून दाराचा पत्रा कापला, स्टिरिओसाठी डॅशबोर्ड तासला, कारखान्याचा कनेक्टर तोडून तारा पिळून जोडल्या, की ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणणे फार अवघड होते. या गोष्टींचे मोल आता गाड्या बनवणाऱ्यांनाही कळले आहे. माझदाने २०१७ साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली आणि त्यांचे काही जुने भागही पुन्हा बनवायला घेतले. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी नवा स्टिरिओ काढला. त्यात टचस्क्रीन आहे, मोबाइल जोडता येतो. पण त्याचा आकार आणि रूप असे की तो जुन्या डॅशबोर्डच्या मूळ खाचेत शोभून बसतो.

हे शक्य होते ते एका मापामुळे. गाडीतल्या स्टिरिओच्या खाचेचे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच हे माप जर्मनीत ठरले आणि पुढे जगभर मान्य झाले. दुप्पट उंचीची खाच असेल, तर १०० मिलिमीटर. एक माप सर्वांनी पाळले, म्हणून काल बनलेली वस्तू चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीत बसते. प्रमाणीकरण हा शब्द पुस्तकात रुक्ष वाटतो, पण त्याचा उपयोग हा असा!

म्हणून पाळायचा नियम हा: जे काही बसवाल ते उद्या काढता आले पाहिजे. मूळ कनेक्टर न तोडता मध्ये जोडणारी तयार हार्नेस वापरावी. स्पीकर मूळ स्क्रूंच्याच जागी बसतील अशी कडी लावावी. काढलेला जुना रेडिओ, स्पीकर, स्क्रू हे सारे नावाची चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवावे. आपण वस्तूचे आजचे मालक असलो, तरी उद्याच्या मालकासाठी ती सांभाळणारेही असतो.

आणि शेवटी, कान

सारे नीट बसवले, तरी एक भाग बदलून मिळत नाही. तो म्हणजे आपला कान. अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

अमेरिकेतील कामाच्या ठिकाणांसाठीच्या आरोग्य संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांहून अधिक सोसू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आता पाहा, उघड्या टपाची गाडी महामार्गाच्या वेगाने धावते तेव्हा नुसत्या वाऱ्याचा आणि रस्त्याचा गोंगाटच अनेकदा ८५ डेसिबलच्या पलीकडे जातो. तो झाकून गाणे ऐकायचे, तर आवाज किती करावा लागेल? म्हणून वेगात जाताना टप आणि काचा बंद कराव्यात. उघड्या टपाची मजा कमी वेगात घ्यावी, तेव्हा आवाजही कमी पुरतो.

आवाज आपल्यापुरता राहत नाही, हेही लक्षात असावे. आपल्या देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. आपल्या शाळेच्या फाटकासमोर मुलांना न्यायला येणाऱ्या गाड्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर दुपारच्या तासाला शिकवणाऱ्या शिक्षकांचा घसाही वाचेल.

पालकांनी दुकानात विचारायचे प्रश्न थोडक्यात असे. आरएमएस वॅट किती? फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर लावणार? तार किती चौरस मिलिमीटरची? मूळ कनेक्टर तोडणार की हार्नेस जोडणार? ही चार उत्तरे जो कारागीर न अडखळता देईल, त्याच्याकडे गाडी खुशाल सोपवावी. विश्वस्तांनीही सभागृहाची ध्वनियंत्रणा बदलायचा विचार होईल तेव्हा हाच क्रम धरावा, असे आम्हास वाटते: आधी स्पीकरची जागा, मग स्पीकर, मग तारा आणि फ्यूज, आणि सर्वांत शेवटी वॅट.